मौजे कासूची फ्लॉपी

रोह्याच्या कोर्टासमोर मी टायपिंग करत बसले ती सव्वीस वर्षं. एवढ्या काळात मला कायदा आला असणार असं नातेवाइकांना वाटतं आणि मीही तो गैरसमज दूर करायच्या भानगडीत पडत नाही. लग्नकार्यात त्यामुळे जरा पुढची खुर्ची मिळते. खरं सांगते, कायदा मला तेव्हाही येत नव्हता आणि आजही येत नाही. कायद्याबद्दल लोकांना काय वाटतं, ते मात्र मला तोंडपाठ आहे.

लोकांना वाटतं, स्टॅम्पपेपरवर लिहिलं की काहीही कायदेशीर होतं. मराठी नोटिशीपेक्षा इंग्रजी नोटीस जास्त लागू पडते, जशी गोळीपेक्षा सुई. साहेबांनी चष्मा काढून हातात धरला की निकाल आपल्या बाजूने. साक्षीदाराने पाणी मागितलं की तो खोटा बोलतोय. आणि खटला जिंकण्यात निम्मा वाटा वकिलाचा, पाव नशिबाचा आणि पाव टायपिंगचा. हे शेवटचं मत अर्थातच मला सगळ्यात जास्त आवडायचं.

एकदा नागोठण्याकडचे एक काका आले. डोक्यावर टोपी, हातात पिशवी, चेहरा कमालीचा गंभीर.

"बाई, नोटीस काढायची हाय."

"वकील कोण तुमचे?"

"वकील नको. नोटीस पन नको. पन नोटिशीसारखं दिसलं पायजे."

मुंबईला राहणारा त्यांचा धाकटा भाऊ तीन वर्षं गणपतीला घरी आला नव्हता. मी कोर्टाचा हिरवा कागद मशीनला लावला, वर ठळक अक्षरांत 'विषय : श्रीगणेश चतुर्थीस गैरहजर राहणेबाबत' असं टाइप केलं आणि 'आपणांस याद्वारे कळविण्यात येते की' इथून सुरुवात करून पुढे पानभर दम भरला. धाकटा चतुर्थीच्या आदल्या दिवशीच घरी हजर. विसर्जन झाल्यावर दोघे भाऊ माझ्या टेबलाशी येऊन उभे! धाकट्याला रीतसर उत्तर टाइप करून हवं होतं : 'सदर गैरहजेरी ही वहिनींच्या मोदकांत खोबरे कमी असल्याने झाली.' थोरले काका शेजारी उभं राहून पोट धरून हसत होते. मी दोन्ही कागदांची एकेक प्रत ठेवून घेतली, कारण आमच्या धंद्यात प्रत ठेवायची पद्धत असते.

धंदा तसा सोपा. वकील हाताने मसुदा लिहितात, तो आम्ही टाइप करतो. वकील लाल पेनाने खाडाखोड करतात, आम्ही पुन्हा टाइप करतो. पक्षकार सही करतो आणि कागद कोर्टात जातो. बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटेल अशी गोष्ट एकच. एवढ्याशा गावात टायपिंगवाले आम्ही मोजून तिघं, त्यामुळे दोन्ही बाजूंचं टायपिंग एकाच टेबलावर व्हायचं. सकाळी दावा टाइप करावा, दुपारी त्याच दाव्याचं उत्तर. कधीकधी वादी बाकावर बसलेला असतानाच प्रतिवादी यायचा, दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि मी दोघांनाही चहा सांगायचे. याचं मी ऐकलेलं त्याला कळू द्यायचं नाही आणि त्याचं याला. आमच्या धंद्याचं भांडवल म्हणाल तर मशीन नव्हे, हे गप्प बसणं.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. आप्पा पेणच्या कोर्टाबाहेर चाळीस वर्षं टायपिंग करायचे. कार्बन पेपर उजेडात धरला की वरचा मजकूर वाचता येतो, म्हणून ते दिवसभराचे वापरलेले कार्बन संध्याकाळी बंबात घालायचे. आमच्या घरच्या अंघोळीच्या पाण्याला अख्ख्या तालुक्याच्या भांडणांची ऊब असे. मी लग्न होऊन रोह्याला, अष्टमी गावात आले, यजमान धाटावच्या एका कंपनीत शिफ्टला जायचे. मुलं शाळेत जायला लागल्यावर घरात मन रमेना. तेव्हा आप्पांनी आपलं मशीन एस.टी.च्या टपावरून पाठवून दिलं. "बाईमाणूस कोर्टाबाहेर बसलेलं बरं दिसत नाही," असं इथल्या दोन-तीन वकिलांचं कायदेशीर मत पडलं. महिन्याभरात माझ्या टायपिंगमध्ये चुका कमी निघतात असं दिसल्यावर तेच वकील कागद घेऊन रांगेत उभे राहिले.

मशीनबरोबर आप्पांची आणखी एक शिस्त आली. प्रतींचे गठ्ठे बांधायचे ते गावावार. सरकारी कागदात गावाच्या नावाआधी 'मौजे' लागतं. तसं मौजे कासू, मौजे वरसे, मौजे अमुक, असा एकेका गावाचा एकेक गठ्ठा. वकील बदलतात, माणसं मरतात, पण गाव जागच्या जागी राहतं, असा आप्पांचा हिशेब. जमिनीच्या भांडणात तर तो फारच सोयीचा. तोच सर्व्हे नंबर, तेच बांध, तीच भाऊबंदकी; आजोबांचा गठ्ठा सोडला की नातवाचा दावा अर्धा लिहून तयार. भांडणारे दोघंही एका गावचे, तेव्हा दोघांचे कागद एकाच गठ्ठ्यात गुण्यागोविंदाने पडलेले असत. मसुदा चुकलेला असला तरी फेकायचा नाही, वकील उद्या तोच परत मागतो, हेही आप्पांचंच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी कॉम्प्युटर घेतला. पनवेलच्या एका माणसाने येऊन बसवून दिला, आठ दिवस शिकवलं आणि जाताना "धूळ लागू देऊ नका" असं सांगून गेला. समोरून दिवसभर एस.टी. आणि मालट्रक जायचे. मी त्याला झालर लावलेलं कव्हर शिवलं. लोक दुकानाबाहेर चपला काढायला लागले, काही जण नमस्कारही करायचे. कॉम्प्युटरवर काढलेला कागद साहेब नाकारूच शकत नाहीत, अशी बातमी आपोआप पसरली. माझ्या शेजारचे टायपिस्ट गेल्या जन्मीचे वैरी असल्यासारखे बघायला लागले. एका शेतकऱ्याने तर मला हळूच विचारलं, "बाई, याला इचारा की, केस कोन जिंकल?" मी म्हटलं, त्याला विजेचं बिल कधी भरायचं हेही कळत नाही.

अष्टमीतल्या राहेलबाई त्याच सुमारास आल्या. आमच्या भागातली ज्यू मंडळी एकेक करून इस्राएलला गेली, त्यांतल्या त्या अगदी मागे राहिलेल्या. त्यांना मुलाकडे जायचं होतं. पण शाळेच्या दाखल्यावर एक नाव, रेशनकार्डावर दुसरं. तेव्हा दोन्ही नावांची बाई एकच आहे असं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

"कागदावर दोन बाया झाल्या गो," त्या म्हणाल्या, "जेवायला मातर मी एकटीच."

मी टाइप करत असताना त्या पडद्याकडे टक लावून बघत होत्या. काम झालं तशी म्हणाल्या, "आता हे पुसून टाकशील?"

"नाही हो. राहील यातच."

"मी गेल्यावर पन?"

"तुम्ही गेल्यावर पण."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "रोह्यात कुठंतरी रायलं पायजे नाव."

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आपण काहीतरी जपून ठेवतो आहोत असा एक अभिमान मनात आला.

जुन्या शिस्तीप्रमाणे मी फ्लॉप्यासुद्धा गावावार लावल्या होत्या. फ्लॉपी म्हणजे काय हे आता नातवंडांना सांगावं लागतं : तळहाताएवढी चौकोनी प्लास्टिकची चपटी डबी, तिच्यात फायली साठवायच्या. प्रत्येकीवर मी सुवाच्य अक्षरात गावाचं नाव चिकटवलं होतं. आप्पा एकदा पेणहून आले तेव्हा तो खोका बघून खूश झाले. गठ्ठ्यांची एक खोली आणि फ्लॉप्यांचा एक खोका यांत एक फरक होता, तो त्यांच्या ध्यानात आला नाही आणि माझ्याही नाही. गठ्ठा उचलून कोणी घेऊन जात नसे.

आता मंगलची गोष्ट सांगते. नावं बदलली आहेत.

मंगल कासूजवळच्या वाडीतली. वय असेल अठ्ठावीस. नवरा दत्ता धाटावला दुसऱ्या एका कंपनीत कामाला. हात उचलायचा म्हणून ती घर सोडून निघाली होती आणि वरश्याला आत्याकडे राहत होती. सहा वर्षांची मुलगी, रूपा. मध्यंतरी दत्ताने रूपाला शाळेच्या दारातून उचलून भांडुपला भावाकडे नेऊन ठेवलं होतं. आठ दिवस मुलगी कुठे आहे हेच मंगलला माहीत नव्हतं. ती परत मिळाल्यावर मंगलने तिला पेणला आपल्या बहिणीकडे ठेवलं, तिथल्या शाळेत पहिलीत घातलं आणि कोणाला म्हणून सांगितलं नाही. मग ती कर्णिक वकिलांकडे पोटगीसाठी गेली.

कर्णिक वकिलांच्या हाताखालच्या नवीन पोराने मसुदा लिहिला आणि तो मी टाइप केला. त्यात मुलगी पेणला कोणत्या आळीत, कोणाकडे आणि कोणत्या शाळेत आहे, शाळा कितीला सुटते, ते सगळं आलं होतं. कर्णिक वकिलांनी तो परिच्छेद लाल पेनाने उभाआडवा कापला.

"हे कशाला? बापाला वाट दाखवायची आहे का?" ते कडाडले.

मी नवीन फाईल करून परिच्छेद गाळला, मंगलने सही केली, कागद दाखल झाला. जुनी फाईल मी पुसली नाही. मसुदा फेकायचा नाही ही आप्पांची शिस्त! मंगलचं गाव कासू, म्हणून दोन्ही फायली 'मौजे कासू'च्या फ्लॉपीत गेल्या.

महिन्याने दत्ताच्या बाजूचं उत्तर टाइप करायला आलं. तेही माझ्याकडेच, आणि तेही कासूचंच, म्हणून त्याच फ्लॉपीत गेलं. दत्ताचे वकील ठाकूर. त्यांनी नुकताच कॉम्प्युटर घेतला होता, पनवेलच्या त्याच माणसाकडून. त्यांचा कारकून बबन दोन दिवसांनी आला.

"ताई, साहेबांना त्या कासूच्या उत्तरात थोडं बदलायचंय. फ्लॉपी द्या, आमच्याकडंच करतो. तुम्हाला त्रास नको."

दुकानात पाच माणसं ताटकळत होती. मी खोक्यातून 'कासू' काढली आणि दिली. इतकी साधी गोष्ट! मला त्या क्षणी वाटलं असेल तर एवढंच, की चला, एक काम कमी झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमारास बबन फ्लॉपी परत द्यायला आला. तो भला माणूस होता, आजही आहे. टेबलावर फ्लॉपी ठेवून कौतुकाने म्हणाला, "ताई, तुमच्या फ्लॉपीत काय काय असतं हो! आमचं उत्तर कुठलं ते समजंना, म्हणून मी सगळंच छापून काढलं. दत्ता सहीला आलावता, तो बी वाचत बसला. म्हणाला, बरं झालं, पोरगी पेणला हाय ते कळलं तरी."

मी की-बोर्ड मागे सारला.

"दत्ता कुठाय आता?"

"गेला की. दुसरी शिफ्ट होती त्याची, पन म्हणाला आज दांडी. साडेधाची एस.टी. धरली वाटतं."

पेणच्या त्या शाळेचा पहिलीचा वर्ग साडेबाराला सुटतो, हे मला माहीत होतं. कसं माहीत नसणार? मीच तर टाइप केलं होतं.

कोर्टाच्या कोपऱ्यावर एस.टी.डी.चा बूथ होता, तिथे धावले. आप्पांच्या घरी फोन नव्हता. शेजारच्या गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यात होता. "आप्पांना बोलवा, लवकर बोलवा," म्हणून ओरडले. आप्पा आले. मी शाळेचं नाव, मुलीचं नाव, दत्ताचं वर्णन, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी, हे त्याला कसं कळलं, तेही सांगितलं.

"गठ्ठा दुकानाबाहेर दिलास?" आप्पांनी विचारलं.

"हो."

"बरं. जातो," म्हणून त्यांनी फोन ठेवला. चुकीबद्दल त्यानंतर आयुष्यात ते मला एक अक्षर बोलले नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

तिथून पोलीस ठाण्यात गेले. ड्यूटीवरचे हवालदार ओळखीचे होते. त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं आणि वही उघडली.

"काय चोरीला गेलं म्हणता?"

"फाईल."

"म्हंजे फ्लॉपी?"

"फ्लॉपी परत दिली."

"मग फाईल फ्लॉपीत नाय काय?"

"आहे ना. तशीच आहे."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "ताई, तुमची वस्तू तुमच्याकडं, शाबूत. तुम्हीच आपल्या हातानं दिली, त्यांनी परत आणून दिली. चोरी म्हणून लिहू तरी कशी? आणि बाप आपल्या पोरीच्या शाळेत गेला, हा गुन्हा कुठल्या कलमात बसवू?" तरीही त्यांनी पेणला फोन लावला. लागला नाही. "लावत राहतो," म्हणाले, आणि मला नंतर कळलं की खरोखरच ते तासभर लावत होते.

मग उरलं ते वरसे. आत्तापर्यंत मी धावपळ करत होते ती खरं म्हणजे मंगलसमोर उभं राहायचं लांबवण्यासाठी, असं मला रिक्षात बसल्यावर जाणवलं. ती आत्याच्या पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, हसली. "बाई, तारीख लागली काय?"

मी सांगितलं. दुसऱ्या कोणाचं नाव घेतलं नाही. 'माझ्याकडून गेलं' असंच म्हटलं, कारण ते तसंच होतं.

तिने सूप खाली ठेवलं. एकच प्रश्न विचारला.

"शाळेचं नाव पन?"

"हो."

मिळेल त्या गाडीने आम्ही पेणला निघालो. नागोठणं येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि तिच्या हाताची मूठ मांडीवर उघडत होती, मिटत होती. मी आयुष्यात हजारो कागदांवर 'अर्जदारास अतोनात मानसिक त्रास झाला आहे' असं टाइप केलं असेल. त्या दिवशी मी तो शेजारी बसून बघितला आणि तो मी दिलेला होता.

शाळेत पोचलो तेव्हा दोन वाजत आले होते. फाटकाशी आप्पा दगडावर बसलेले. गुडघे दुखतात म्हणून कारखान्यातल्या एका कारागिराच्या सायकलच्या कॅरियरवर बसून आले होते. सदऱ्यावर पाठीमागे, बसवताना आधार दिलेल्या त्या कारागिराच्या पाच बोटांचे पांढरे ठसे. त्यांच्या शेजारी दत्ता. हातात खेळण्यातली बाहुली, अजून पिशवीत. आणि रूपा आत, वर्गात, बाईंच्या टेबलावर बसून बिस्किट खात होती.

झालं होतं असं. दत्ता बारा वाजताच येऊन पोचला होता आणि 'मी बाप आहे, मुलगी द्या' म्हणून दारात उभा राहिला होता. वर्गावरच्या बाई पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, पण आवाज खणखणीत. कायद्याबद्दल त्यांचंही एक मत होतं आणि ते कुठल्या पुस्तकात नव्हतं : सकाळी मुलाला जो सोडून जातो, त्याच्याच हातात मूल परत जातं. बाकी कोणी कलेक्टर आला तरी त्याने बाहेर थांबायचं.

"बाप असाल. असालच," त्या दत्ताला म्हणाल्या. "पण सोडायला तुम्ही नव्हता आलात."

त्याने आवाज चढवला तशी त्यांनी वर्गाला आतून कडी लावली. तेवढ्यात आप्पा पोचले. त्यांनी दत्ताला हाताला धरून दगडावर बसवलं आणि, त्यांच्याच शब्दांत, "टायपिंगच्या गोष्टी सांगत" दोन तास बसवून ठेवलं. रूपाला न्यायला आलेल्या मावशीशी, म्हणजे मंगलच्या बहिणीशी, दत्ताची एकदा बाचाबाची झाली, तेव्हा बाईंनी तिलाही आत घेतलं; पण त्यापुढे काही नाही.

मंगल दत्ताकडे न बघता सरळ वर्गात गेली. दत्ता उठला, परत बसला. मग बाहुली आप्पांच्या हातात देऊन म्हणाला, "तुमी द्या तिला. मी दिली तर घेनार नाय." मला त्या माणसाचा राग होता, आजही आहे. पण ती बाहुली आप्पांच्या मांडीवर बघून मला त्याची कीवही आली, हे लिहायला हवं.

मुलगी वाचली, पण पेणची शाळा सुटली. दिवाळीच्या आधी, वर्ष अर्धंही झालं नसताना, तिला पुन्हा दुसरीकडे न्यावं लागलं. मैत्रिणी सुटल्या, त्या खणखणीत आवाजाच्या बाई सुटल्या. माझ्या एका फ्लॉपीची ही किंमत त्या पोरीने दिली.

पुढचे पंधरा दिवस वकिलांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. हा गुन्हा आहे की नाही? "कॉपी काढणं ही चोरी असेल तर आधी झेरॉक्सवाल्याला आत टाका," असं एकाचं मत. "दुसऱ्याचं पत्र चुकून उघडलं तर बंद करून परत द्यावं, एवढं तर शाळेत शिकवतात," असं दुसऱ्याचं. कोणी म्हणे कॉम्प्युटरवर जप्ती आणा. चहावाल्याचं म्हणणं, मशीनचा काय दोष, ते बिचारं सांगेल तेवढंच लक्षात ठेवतं. एका ज्येष्ठांनी जाडजूड पुस्तकं उलटीपालटी करून जाहीर केलं, की कॉम्प्युटर हा शब्दच यांत कुठे नाही, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने तुमच्या दुकानात ती वस्तूच नाही! सगळे हसले. मीही हसले, आणि घरी जाऊन जेवले नाही.

कर्णिक वकील मला म्हणाले, "हे सगळं कोर्टाला सांगायचं तर तुमचं प्रतिज्ञापत्र लागेल. पण विचार करा. 'माझ्याकडून कागद फुटले' असं तुम्ही शपथेवर सांगितलंत, की उद्यापासून तुमच्याकडे कोण येईल?"

मी म्हटलं, "टाइप मीच करते." एवढी वर्षं दुसऱ्यांची प्रतिज्ञापत्रं बिनचूक काढणाऱ्या बाईने स्वतःच्या एका पानात अकरा चुका केल्या. साहेबांनी ते वाचून विचारलं, "तुम्ही दोन्ही बाजूंचं टायपिंग करता?" मी म्हटलं, "हो साहेब. इथं सगळेच करतात." साहेबांनी दोन्ही वकिलांकडे पाहिलं, दोन्ही वकिलांनी छताकडे. त्यांनी चष्मा काढला होता की नाही, ते मात्र मला आठवत नाही.

महिनाभर माझ्या दुकानात कावळा फिरकला नाही. शेजारच्या टायपिस्टांचे चेहरे मात्र उजळले होते.

शेवटी दोन्ही बाजूंची पुरसीस द्यायचं ठरलं. पुरसीस म्हणजे आमचं हे असं ठरलं आहे म्हणून कोर्टाला दिलेला कागद. पोटगी कबूल, दत्ताने महिन्यातून दोन रविवार पेणला आप्पांच्या ओटीवर, आप्पांसमोर मुलीला भेटायचं, ती राहते कुठे हे विचारायचं नाही. मुलीचा पत्ता वेगळ्या कागदावर, बंद पाकिटात, फक्त कोर्टाला. ठाकूर वकिलांनीही खळखळ केली नाही. बबनने तर माझी तीनदा माफी मागितली, आणि दर वेळी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या दिवशी मी दुकानात एकटीच बसले होते. कर्णिक वकिलांनी लिहून दिलेला कागद घेऊन मंगल रस्त्यापलीकडून आली. शेजारच्या दोन्ही टायपिस्टांची टेबलं ओलांडून माझ्यासमोर येऊन बसली.

मला राहवेना. म्हटलं, "मंगल, तिकडे गेली असतीस तरी मला वाईट वाटलं नसतं."

"तिथं गेले तरी तेच," ती म्हणाली. "त्यांच्याकडून गेलं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं. तुमी निदान येऊन तोंडानं सांगितलंत."

मी मान खाली घालून पुरसीस टाइप केली. मग दुसरा कागद घेतला. वर कोर्टाचं नाव टाकलं, खाली अर्जाचा नंबर, त्याखाली 'मुलीचा सध्याचा पत्ता' एवढं टाइप करून मी थांबले आणि तिच्याकडे पाहिलं.

"इथं थांबा," ती म्हणाली. "छापून द्या एवढंच. फुडचं मी लिवते."

मंगल चौथी शिकलेली. एरवी सही करायला तिला एक मिनिट लागायचं. मी कागद काढून दिला, पेन दिलं. तिने कागद आपल्याकडे ओढला, डावा हात आडवा धरून माझ्या बाजूने झाकून घेतला आणि एकेक अक्षर जोडत लिहायला लागली. मी खुर्ची वळवली आणि तिचं लिहून होईपर्यंत रस्त्याकडे बघत बसले.